डोरल्याखालची रेघ

जाईन मी सासराले,
वाट काट्याची, बाभळीची;
सोबतीले येते बाई
ओवी माझ्या ओळखीची...

हा आवाज मधुकररावांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता, आणि तोही काट्याच्या कुंपणापलीकडून.

वर्ध्याला मास्तरकीची परीक्षा देऊन ते बंडीने रोहण्याला परत निघाले होते. आंजीला बैलांना पाणी दाखवायला बंडी थांबली. आश्विन होता, भुलाबाईचे दिवस. दिवेलागणीला वस्तीतल्या पोरी कुणाच्याशा अंगणात जमल्या होत्या. भुलाबाईचं गाणं सरलं आणि त्यांतल्या कुणीतरी जात्यावरची ओवी धरली. तीन ओळी सगळ्यांनी मिळून म्हटल्या. चौथ्या ओळीला बाकीच्यांचे आवाज वाटेतच बसले आणि एकच आवाज पुढे गेला. 'ओळखीची' या शब्दाचं टोक धरून तो असा काही वर चढला की पाणी पिणाऱ्या बैलाने मान उचलली. बैलाचं मधुकरराव नंतर वाढवून सांगत असतील. पण त्यांची स्वतःची मान उचलली गेली होती, हे खरं. कुंपणावर कारल्याचा वेल दाट होता, त्यातून चेहरा काही दिसला नाही. घर कोणाचं, एवढं त्यांनी बंडीवाल्याला विचारून ठेवलं. भाजीवाल्या पुंडलिकरावांचं, तो म्हणाला.

ही हकिकत त्यांनी यशोदेला लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला सांगितली. सांगताना ते लाजत होते. "मी तं तो आवाज मागाले आलतो," ते म्हणाले, "तू त्याच्यासंगं आलीस."

यशोदा चुलीला पोतेरं देत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा फिरू लागला. मधुकररावांना वाटलं, लाजली.

तो आवाज तेव्हा यशोदेपाशी नव्हता. तो कुठं गेला, कसा गेला, हे तिला ठाऊक होतं, तिच्या मायला ठाऊक होतं, आणि नवऱ्याला कळू द्यायचं नाही अशी मायची शपथ तिच्या गळ्यात होती.

*

गाठ आधी बोराएवढी होती. कंठाच्या उजव्या अंगाला, कातडीच्या आत. घोट गिळला की वर जाई, मग हळूच आपल्या जागी येऊन बसे. मैत्रिणी म्हणत, यशीच्या गळ्यात पाखरू हाय, तेच गाते. यशोदेलाही ते आवडे. ओवीची चौथी ओळ चढवताना ती खरंच गाठीवर दोन बोटं ठेवी, पाखराला धीर दिल्यासारखी.

मग ती लिंबाएवढी झाली. पुलगावहून गिरणीतल्या एका कारकुनासाठी मंडळी मुलगी पाहायला आली, पोहे खाऊन गेली, आणि चार गावांत बोलत सुटली की आंजीच्या पुंडलिकरावच्या पोरीला गंडमाळ आहे. झालं. त्या दिवसापासून शालूबाईंनी लेकीला गळाबंद चोळ्या शिवल्या, उन्हाळ्यातसुद्धा पदर गळ्याभोवती घ्यायला लावला. गावातल्या एका जाणत्याने डाग द्यायचं सुचवलं, तापल्या लोखंडाचा. शालूबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. गाठ परवडली, त्या म्हणाल्या, डाग तर जन्मभर चारचौघांत बोलत राहतो. पुंडलिकरावांना त्यांनी रोज तेच ऐकवलं: गाठ असली तर पोरीला कोणी नेणार नाही, आणि वण राहिला तरी लोक विचारतीलच, हे कशाचं. गाठही नको आणि तिची खूणही नको.

असं कुठं होतं का, हे पाहायला ते तिघं भाजीच्या बंडीत बसून वर्ध्याच्या दवाखान्यात गेले. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि वांग्यांच्या टोपल्या बाजारात उतरवल्या, आणि त्याच बंडीत, मेथीचा वास अंगाला घेऊन, यशोदा डॉक्टरांपुढे गेली.

डॉक्टर नागपूरहून आठवड्याला एकदा येत. पन्नाशीकडे झुकलेले, कमी बोलणारे. हात मात्र बाईमाणसासारखे मऊ. त्यांनी यशोदेला पेल्यातून पाणी प्यायला लावलं आणि गाठीचं वर-खाली होणं पाहत राहिले. गंडमाळ नाही, म्हणाले. जीव घेणारीही नाही. साधी गाठ आहे, पण वाढत जाईल आणि पुढे श्वासाला आडवी येईल, तेव्हा काढलेली बरी.

शालूबाईंनी एकच विचारलं, वण कुठं येईल.

हा प्रश्न डॉक्टरांना आवडला असावा. ते खुलून बोलू लागले. माणसाच्या गळ्यावर जन्मापासून आडव्या घड्या असतात, म्हणाले; त्या घडीतच कापलं तर वण घडीत मिटून जातो, वर्षभराने शोधावा लागतो. घडीला छेदून उभं कापलं तर मात्र तो दोरीसारखा फुगतो. त्यांनी यशोदेला स्टुलावर ताठ बसवलं. निजवून खूण केली तर कातडी वर सरकलेली असते, उठून बसल्यावर रेघ भलतीकडेच उतरते. मग परिचारिका कुसुमबाईंकडून एक रेशमी दोरा घेतला, ओला केला, दोन्ही हातांत ताणून यशोदेच्या गळ्यावर टेकवला आणि क्षणभर दाबला. दोरा उचलला तेव्हा कंठाच्या मध्यावर, नेमकी घडीत, एक बारीक रेघ उमटली होती.

"इथून," डॉक्टर म्हणाले.

शालूबाई जवळ येऊन निरखू लागल्या. "इतकी वर?"

त्यांनी पदराची गाठ सोडून एक काळा दोरा काढला. तो त्यांनी घरूनच मापून आणला होता. नवरा जिवंत असताना डोरलं गळ्यातून उतरवायचं नसतं, म्हणून आपल्या गळ्यातल्या डोरल्यावरच तो दोरा धरून त्यांनी तेवढीच लांबी घेतली होती. तो त्यांनी लेकीच्या गळ्यात बांधला. "इथं करा जी," त्या म्हणाल्या. "इथं डोरलं येते. दिसलं तरी मण्यात जाईन."

"अवं माय," कुसुमबाई हसल्या, "लग्नाआधीच पोरीले डोरलं घातलं का?"

दाराशी टोपी पिळत उभे असलेले पुंडलिकरावही जरा हसले. शालूबाईंचा गळा लांब होता, डोक्यावर टोपल्या वाहून वाहून उतरलेला. यशोदेचा आखूड, भरलेला. मायच्या मापाचा दोरा तिच्या गळ्यात पार खाली, हाडांच्या खळगीत जाऊन पडला. डॉक्टरांच्या रेघेखाली दोन बोटं.

डॉक्टरांनी मान हलवली. गाठीचं वरचं टोक इथं आहे, त्यांनी बोट ठेवून दाखवलं, आणि तुम्ही दार ठेवताय तिथं. एवढ्या खालून शिरलं की वरचं टोक मला ओढून खाली आणावं लागेल, तिथं काय आहे ते नीट न दिसता. आणि त्या टोकाला लागूनच केसाहून बारीक अशी एक शीर जाते, आवाजाला ताण देणारी. ती ओढली गेली, तुटली, तर बोलणं जाणार नाही. पण उंच स्वर जाईल.

"ही गाते का?" त्यांनी विचारलं.

आंजीत न गाणारी पोर शोधून सापडली नसती. जात्यावर, निंदणीला, भुलाबाईत, पाळण्याशी, सगळ्याच म्हणत. पण परक्या पुरुषापुढे, नागपूरच्या डॉक्टरपुढे, आमची पोरगी गाते, तिचा आवाज सडकेपर्यंत जातो, हे कुठल्या मायने सांगायचं? गाणारी पोर म्हटल्यावर घराला लोक काय म्हणतील? शिवाय हो म्हटलं तर हा माणूस वरच कापील, आणि वर डोरलं पोचत नाही.

"नाई जी," शालूबाई म्हणाल्या. "आमच्या घरी कोणी गात नाई."

डॉक्टरांनी यशोदेकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. यशोदा पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसली. गळ्यावर दोन रेघा होत्या, एक डॉक्टरांची, एक मायची. हो म्हणावं तर माय सगळ्यांदेखत खोटी पडत होती. ती काही बोलली नाही.

तुमची मर्जी, मी जपेन, असं म्हणून डॉक्टरांनी बोळा जांभळ्या औषधात बुडवला आणि काळ्या दोऱ्याखालून खूण केली.

*

तोंडावर जाळी, जाळीवर थेंब थेंब पडणारं गोडसर, गुदमरवणारं औषध, आणि कुसुमबाईंचा आवाज, देवाचं नाव घे माय. यशोदेने देवाचं नाव घेतलं नाही. मनात ओवी धरली. तिसऱ्या ओळीपर्यंत ती शुद्धीवर होती.

जागी झाली तेव्हा तिला उशांना टेकवून बसवलेलं होतं. गळ्यात निखारा ठेवल्यासारखं दुखत होतं. जखमेला टाके नव्हते, रुपेरी चिमटे ओळीने लावले होते, आणि तिच्या कडेतून एक रबरी नळी बाहेर आली होती. डॉक्टर आले, नाव सांग म्हणाले. तिने घोगऱ्या आवाजात नाव सांगितलं. गावाचं नाव सांग म्हणाले, तेही सांगितलं. "छान," ते म्हणाले. चिमटे निघाले, नळी निघाली, पुढच्या खेपेला त्यांनी आरसा आणून तिच्या हातात दिला. गुलाबी केसासारखी एक रेघ होती, बस. डॉक्टरांनी आपलंच काम मान तिरपी करून न्याहाळलं. वर्षभराने आरशातसुद्धा दिसणार नाही, म्हणाले.

"काई दिसत नाई," शालूबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांना रडताना यशोदेने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्या रोज लेकीच्या गळ्याला बोटाने तूप चोळीत, अगदी हळू, रेघेच्या अंगाअंगाने. घोगरेपणा गेला. बोलणं पहिल्यासारखं झालं. एका पहाटे मायलेकी जात्याशी समोरासमोर बसल्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. पीठ पडू लागलं आणि यशोदेने ओवी धरली. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरीला आवाज जरा चाचरला. चौथीला ती चढायला गेली आणि वर काही नव्हतंच. आवाजाऐवजी नुसती हवा गेली, फुटक्या बासरीतून जावी तशी. तिने पुन्हा केलं. पुन्हा हवा.

खुंट्यावर मायचा हात तिच्या हाताला लागून होता. तो थांबला नाही. जातं फिरत राहिलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, आणि त्या दिवसानंतर शालूबाईंनी लेकीसोबत दळायला बसणं सोडलं. कंबर धरते, म्हणाल्या.

*

रोहण्याहून भैय्याजी, मधुकररावांचे काका, त्यांना घेऊन मुलगी पाहायला आले तेव्हा यशोदेच्या गळ्यात तांबड्या काचमण्यांची माळ होती. भैय्याजींच्या बायकोने मुलीला पाणी आणायला लावलं, चालायला लावलं, आणि गळा दोन्ही बाजूंनी बघून घेतला. पुलगावच्या मंडळींनी उगाच बोंब केली, भैय्याजी बाहेर येऊन म्हणाले, पोरीचा गळा तर धुतल्या तांदळासारखा आहे. मधुकरराव भिंतीकडे पाहत बसले होते. एक ओवी म्हणायला सांगा, हे त्यांच्या ओठापर्यंत आलं होतं. पण काका पुढे बसलेले. मास्तरले बायको पाह्यजे का नाचगाणं, म्हणून त्यांनी गावभर केलं असतं. मधुकररावांनी चहा प्यायला आणि हो म्हणून आले.

शालूबाईंनी तो काळा दोरा जपून ठेवला होता. डोरलं नवऱ्याकडून यायचं, म्हणून त्यांनी तो दोरा माप म्हणून रोहण्याला पाठवला. डोरल्याचं माप कोण पाठवते माय, भैय्याजींच्या बायकोने विचारलं, ते काय मनगटातली बांगडी हाय? पण डोरलं मापाने झालं. लग्नात ते यशोदेच्या गळ्यात पडलं आणि काळे मणी नेमके रेघेवर जाऊन बसले, जशी रेघ त्यांच्यासाठीच आखून ठेवली होती.

पाठवणीच्या वेळी शालूबाईंनी लेकीला कवेत घेतलं. "सांगजो नको कोणाले," त्या कानाशी म्हणाल्या. "नवऱ्याले तं नाईच. फसवलं म्हनन तो." यशोदेने मायच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

आणि मग पहिला पोळा आला, आणि मधुकररावांनी ती हकिकत सांगितली, आणि म्हणाले, एकदा म्हणून दाखव ना ती ओवी.

आठवत नाही, ती म्हणाली.

मधुकररावांनी घाई केली नाही. मोठे धीराचे होते. रोहण्याला तेव्हा पिठाची चक्की आली होती, इंजिनाची; पण तिचं पीठ गरम होतं, भाकरीला चव नाही, असं म्हणून त्यांनी घरचं जुनं जातं बाहेर काढलं, पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घेतली. सकाळी ते लवकर उठून ओसरीवर मुलांच्या पाट्या तपासायला बसत, जात्याकडे पाठ करून. यशोदेला कळत होतं ते कशाची वाट पाहतात. ती दळत राही. दगडाची घरघर तेवढी त्यांच्या पाठीपर्यंत जाई.

दुसऱ्या वर्षी त्यांनी टिपऱ्या आणल्या. भुलाबाईत शेजारणी तिला ओढून न्यायच्या, ती कडेला बसून प्रसाद वाटायची. मास्तरीणबाईचा गळा मास्तरनं शाळेच्या कपाटात ठेवला काय, एकीने विचारलं, आणि सगळ्या हसल्या. यशोदाही हसली. हसणं तिच्या गळ्यातून निघायचं, त्याला उंच जावं लागत नव्हतं.

मग त्यांनी ओवीचं नाव काढणं सोडलं. फक्त एकदा, तिला पाचवा लागला होता तेव्हा, विहिरीवर पाणी ओढता ओढता त्यांनी विचारलं, "तुझ्या मनाविरुद्ध झालं का लग्न?"

"नाई जी," ती म्हणाली.

घागर भरून त्यांनी काठावर ठेवली. "नाई म्हणजे, तिथं आंजीत गात होतीस. इथं आली अन् बंद झालीस. मले काई समजत नाई."

तेव्हा सांगता आलं असतं. मायचा गळा हाताला आठवला. ती घागर उचलून चालू लागली. त्या दिवसानंतर मधुकरराव शाळेतून उशिरा येऊ लागले. वागण्यात काडीचा फरक नव्हता, पण घरात आले की माणूस परक्याच्या ओसरीवर बसतं तसे बसत. माझ्या घरात ही सुकून राहिली आहे, एवढं त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. यशोदेला ते दिसत होतं. तिचा एक शब्द त्यांना त्यातून सोडवू शकला असता, आणि तोच शब्द मायला चोर ठरवणार होता.

शालूबाई वर्षातून दोनदा येत, टोपलीत वांगी आणि चवळीच्या शेंगा घेऊन. आल्या की आधी लेकीला उजेडाकडे वळवत, एका बोटाने डोरलं उचलून पाहत. "काई दिसत नाई माय," म्हणत, आणि मणी पुन्हा जागेवर ठेवत. कधी त्यांनी आवाजाचं विचारलं नाही. शेवटच्या खेपेला यशोदेची इंदू अंगणात एकटीच गात होती, शेजारच्या पोरींकडून उचललेलं काहीबाही, आणि गाता गाता तिचा आवाज सहज वर गेला, शेपटी उडवत पाखरू फांदीवर जावं तसा. शालूबाई चवळी सोलत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. उठल्या, परसात गेल्या, आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. यशोदा बघायला गेली तर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. डोळ्यांत कचरा गेला, म्हणाल्या.

श्रावणात त्यांना ताप आला आणि त्यातच त्या गेल्या. यशोदा पोचली तेव्हा बोलणं बंद झालं होतं. मायचा हात उठून लेकीच्या गळ्याशी आला, बोट मण्यांवरून फिरलं, पण मणी उचलायची ताकद त्यात उरली नव्हती.

*

त्या आश्विनात इंदूने हट्ट धरला की भुलाबाई आपल्याच घरी बसवायची. यशोदेच्या जिवावर आलं होतं, मायचं वर्ष सरलं नव्हतं. पण मधुकररावांनी आर्वीच्या बाजारातून मातीची भुलाबाई आणि भुलोजी आणून दिले. ज्वारीची धांडी तोडून इंदूने मखर केलं, वाकडंतिकडं. दुपारी ऊन ओसरीपर्यंत आलं होतं, शाळेची मधली सुटी होती, मधुकरराव भाकरी खायला आले होते. इंदू आईच्या मांडीवर चढून बसली आणि म्हणाली, आता तू गाणं म्हण.

तू म्हण, यशोदा म्हणाली.

"मी रोज म्हणते. सगळ्यांची आई म्हणते." इंदूने दोन्ही हातांनी आईच्या गळ्यातलं डोरलं धरलं आणि घोड्याचा लगाम ओढावा तसं ओढलं. "म्हण ना. तूच काऊन म्हणत नाई?"

दोरा जुना झाला होता. तुटला. काळे मणी शेणाने सारवलेल्या ओसरीवर टपटप उड्या मारत पांगले. इंदू घाबरून रडू लागली. यशोदेने आधी आतून हळकुंड आणलं, पिवळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधलं, बाईने गळा मोकळा ठेवू नये म्हणून. मग ती मणी वेचायला बसली. ताट सारून मधुकररावही खाली बसले. एकेक मणी ते वाटीत टाकत होते. शेवटचा मणी तिच्या पदराशी होता, तो घ्यायला ते वाकले आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

आश्विनातलं ऊन तिरपं होतं. तिच्या गळ्याच्या खळगीत, हळकुंडाच्या दोऱ्याखाली, पांढरट अशी एक बारीक रेघ त्यांना दिसली. इकडून तिकडे, अगदी सरळ.

"हे काय?" ते म्हणाले. मग स्वतःच उमगल्यासारखं त्यांनी वाटीतल्या मण्यांकडे पाहिलं. चेहरा उतरला. "दोऱ्यानं कापलं का गं हे? इतके दिवस?" त्यांनी बोट उचललं, पण रेघेला लावलं नाही. "अन् तू बोलली नाईस. मापानं केलं होतं म्हणून मले वाटे बरोबर असन. जड झालं असन तुले. मी आणलेलं सगळंच..." पटव्याकडून मऊ रेशमात ओवून आणतो, म्हणाले. नाहीतर घरात असताना काढून ठेवत जा, मी कोणाला बोलू देणार नाही.

तिला फक्त मान हलवायची होती. डॉक्टरांची कारागिरी इतकी नीट उतरली होती की नवऱ्याच्या डोळ्यांना ती डोरल्याचाच वळ वाटत होती. मायने ज्यासाठी एवढं केलं ते पुरं झालं होतं. कोणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. शपथ ज्या गळ्याला हात लावून घेतली तो गळा आता नव्हता. आणि समोर हा माणूस वाटी हातात धरून बसला होता, आपण दिलेल्या दागिन्याने हिला कापलं, असं समजून, आणि पुढेही जन्मभर तसंच समजणार होता.

इंदू रडायची थांबली होती. दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

यशोदेने मधुकररावांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट आपल्या गळ्यावर नेऊन टेकवलं, रेघेच्या एका टोकाला.

"हा दोऱ्याचा वळ नाई जी," ती म्हणाली. "डॉक्टरनं कापलं हाय इथं. लग्नाच्या आधी. गाठ होती मले, पुलगावच्या लोकायनं सांगतलेली, ती खरीच होती. मायनं दोरा बांधून जागा दाखवली, डोरल्याखाली झाकाले. तुमी जो आवाज मागाले आलते ना, तो तवाच गेलता. तुमच्या घरी येऊन नाई गेला."

मधुकररावांचं बोट तिथंच होतं. तिचा घोट त्याखाली वर गेला, खाली आला.

"मी मुद्दाम गात नाई असं नाई. मले येतच नाई आता. मायवर राग धरू नका, ते भेली होती. डॉक्टरनं इचारलं होतं, पोरगी गाते का म्हणून." तिने डोळे उचलले. "मी तिथंच बसून होती. मी हो म्हटलं नाई."